गाणी न वाजणारी गाण्यांची वेबसाइट

माझ्या वेबसाइटवर गाणी वाजत नाहीत. हे एकदाच इथे जाहीर करून टाकते, म्हणजे इनबॉक्समध्ये तेच तेच टाइप करायला नको. साइट जुन्या मराठी रेकॉर्डींची आहे. प्रत्येक पानावर लेबलचा फोटो, त्यावर जे छापलंय ते जसंच्या तसं, रेकॉर्डचा नंबर, गायलं कोणी, शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि हे सगळं मला कशावरून कळलं त्याची एक ओळ. प्लेचं बटण नाही. "मग उपयोग काय तिचा?" असं एका सद्गृहस्थांनी विचारलं. रागावून नव्हे, अगदी मनापासून.

ऐकायची सोय आता उदंड झाली आहे हो. माझ्या साइटची त्यात भर कशाला? वानवा आहे ती बाकीच्या सगळ्याची. कुठल्याही ॲपवर एखादं नाट्यपद लावून बघा. गायकाचं नाव येतं, नाटकाचं नाव अल्बम म्हणून येतं, आणि गीतकार-संगीतकाराच्या जागी एक तर काहीच नसतं किंवा पुन्हा गायकाचंच नाव असतं. 'स्वयंवर' हे संगीत नाटक १९१६ सालचं. पदं खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं, असं आपण धरून चालतो. माझ्या भाचीला माहीत नव्हतं, आणि तिला कळावं तरी कुठून? ती गाणं जिथे ऐकते तिथे ते लिहिलेलंच नाही. तिच्या लेखी ती चाल गायकाला सुचली.

गंधर्वांचा घोळ तर विचारूच नका. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे, आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. चार वेगळी माणसं, चार वेगळी गाणी. कॉम्प्युटरला त्यात फक्त 'गंधर्व' दिसतो. एका ठिकाणी मी छोटा गंधर्वांच्या पदावर बालगंधर्वांचा फोटो बघितला, तोही शालूतला!

उलटा प्रकारही आहे, माणूस एक आणि नावं दोन. माणिक वर्मांच्या लग्नाआधीच्या रेकॉर्डींवर 'माणिक दादरकर' असं नाव आहे. साधी यादी केलीत की त्या बाईंचे दोन तुकडे होतात. आनंदघन या नावाने संगीत दिलं ते लताबाईंनी, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे, यादीला नाही. म्हणून माझ्या डेटाबेसमध्ये माणसांचा एक तक्ता आहे आणि नावांचा वेगळा. पानावर लेबलवरचं नाव दिसतं, पण शोधताना कुठलंही घाला, माणूस सापडतो. वाचायला सोपं वाटतं. करायला घेतलं तेव्हा दोन दिवाळ्या गेल्या.

माझा पोटापाण्याचा धंदा हिशेबाचा. (सप्टेंबर-ऑक्टोबरात साइटवर काही नवीन आलं नाही तर समजून घ्या, क्लाएंट डोक्यावर बसलेले असतात.) त्यामुळे व्हाउचर नसेल तर नोंद नाही, ही सवय हाडात भिनलेली. साइटवरही तोच नियम. अंदाजाने कळलेलं सगळं सस्पेन्स खात्यात, म्हणजे खुलासा न झालेल्या नोंदींच्या तात्पुरत्या खात्यात जातं, पुरावा मिळाला की तिथून हलतं. काही गोष्टी वर्षानुवर्षं तिथेच पडून आहेत. पडू देत.

सगळ्यात जास्त सस्पेन्समध्ये काय असेल तर साल. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्डवर साल छापत नसत. लेबलावर कंपनीचं नाव, गाण्याची ओळ, गायक, क्वचित राग, नाटकाचं नाव, नंबर, आणि बस. मग साल काढायचं कुठून? कंपन्या नव्या रेकॉर्डींच्या याद्या काढत, वर्तमानपत्रांत जाहिराती देत. त्यातलं काही हाती लागलं आणि त्यात तो नंबर दिसला तर साल पक्कं. आजूबाजूच्या नंबरांवरून अदमास बांधता येतो, पण तो अदमासच. आणि इकडे नेटवर बघावं तर प्रत्येक गाण्यापुढे साल ठोकून दिलेलं! कोणीतरी कधीतरी '१९३५' लिहिलं, दुसऱ्याने ते उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं उचललं, आणि आता तीन ठिकाणी दिसतं म्हणजे खरंच असणार. माझ्याकडे त्या जागी आडवी रेघ आहे. "ताई, निदान अंदाजे तरी टाका, रिकामं बरं दिसत नाही" असं सुचवतात लोक. अंदाजे टाकलेल्यातलं 'अंदाजे' पहिल्या कॉपी-पेस्टला गळून पडतं, म्हणून टाकत नाही.

पट्टीचंही तसंच. अमुक गायक कुठल्या पट्टीत गात, ते रेकॉर्डवरून काढून लिहा, अशी मागणी असते. पण सुरुवातीच्या काळातल्या रेकॉर्डी नेमक्या ७८ फेऱ्यांनीच कापलेल्या असत असं नाही. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की काळी एकची पांढरी दोन होते, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी. आधी खरा वेग सांगा, मग पट्टी सांगते. शिवाय एका बाजूला मावतात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत रंगणारं पद त्या तीन मिनिटांत कोंबलेलं असतं. रेकॉर्ड म्हणजे नाटकातलं पद नव्हे, हे मी जवळजवळ प्रत्येक नाट्यपदाच्या पानावर लिहिते आणि कोणी वाचत नाही.

आता न वाजण्याचं दुसरं कारण. "जुनं आहे ना, मग चालतं" हा आपल्याकडचा लाडका कायदा. खरा कायदा १९५७चा आहे, आणि तो एका गाण्यात तीन हक्क बघतो. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. चालीचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. आणि रेकॉर्डिंगचा, ते प्रसिद्ध झालं त्या वर्षानंतर साठ वर्षं. 'घन तमीं शुक्र बघ राज्य करी' घ्या. शब्द भा. रा. तांब्यांचे, ते गेले १९४१ साली. तेव्हाच्या नियमाने पन्नास वर्षं, म्हणजे १९९१ संपलं की कविता मोकळी व्हायची. पण रवींद्रनाथ टागोरही १९४१ सालीच गेले होते. त्यांचं सगळं साहित्य एका रात्रीत खुलं होणार म्हणून सरकारने पन्नासाची साठ वर्षं केली, आणि टागोरांच्या मागे बसून आमचे ग्वाल्हेरचे राजकवीही आणखी दहा वर्षं बंदिस्त राहिले. (मला हा किस्सा फार आवडतो. टॅक्सवाल्यांनाच आवडेल असा आहे, मान्य.) तर शब्द २००२ पासून मोकळे. चाल मात्र हृदयनाथ मंगेशकरांची, ती मोकळी नाही. लताबाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग हा हिशेब पुन्हा वेगळा, आणि त्यासाठी पक्कं साल लागतं. तेच साल, जे लेबलावर नसतं.

म्हणून माझा शिरस्ता असा: तांब्यांची कविता पूर्ण देते, गदिमांची फक्त पहिली ओळ. गदिमा १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत त्यांच्या वारसांचे. अख्खं गीत दिलं असतं तर साइटवरची गर्दी दुप्पट झाली असती, हे मला दिसतंय. नकोय.

"हे सगळं फेसबुकवरच टाक ना, लोक इथेच असतात" असं मैत्रिणी म्हणतात. लोक इथे असतात हे खरंच, म्हणून तर ही पोस्ट इथे लिहितेय. पण परवा इथे टाकलेली पोस्ट मलाच आज सापडत नाही. जिओसिटीजवरची घरगुती पानं २००९ साली गेली, ऑर्कुट २०१४ साली. मायस्पेसने तर २०१९ साली कबूल केलं की सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. माझी साइट अवघ्या काही एमबीची आहे, पेनड्राइव्हवर मावते, एक प्रत भावाकडे असते. बंद पडली तर दुसरीकडे उभी करता येते.

फुकट नाही हे अर्थात. डोमेनचे पैसे दरवर्षी, होस्टिंगचे वेगळे, आणि वर राबणूक. साइट ज्या भाषेत लिहिलीय त्या पीएचपीची सातवी आवृत्ती आली आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या कमांड काढून टाकल्या गेल्या, तेव्हा अर्धी साइट पुन्हा लिहावी लागली. पण माझी सगळ्यात जास्त झोप कोणी उडवली असेल तर 'ऱ्या'ने. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला गेलात की कॉम्प्युटर म्हणतो, असं गाणंच नाही. आता साठवण्याआधीच सगळे 'ऱ्या' एका साच्यात बसवते. अनुस्वारांचंही तेच केलंय, 'मंदिर' आणि 'मन्दिर' दोन्हींनी तेच गाणं येतं. कोणी ही साइट का वापरावी असं मला विचारलंत, तर मी आधी हेच सांगेन, मग गाण्यांचं.

जाहिराती घेणार नाही. एकदा लावून बघितल्या होत्या. बालगंधर्वांच्या पदाखाली गुडघेदुखीचं तेल आलं, काढून टाकल्या.

तुमच्याकडून हवंय ते एवढंच. घरात, माळ्यावर, आजोळी कुठे ७८च्या रेकॉर्डी असतील तर लेबलांचे फोटो पाठवा. दोन्ही बाजूंचे. फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात, सरळ वरून. लेबलाच्या कडेला जो गुळगुळीत भाग असतो तिथे बारीक आकडे ठसवलेले असतात, त्यांचा एक फोटो रेकॉर्ड थोडी तिरकी धरून घ्या, म्हणजे उजेडात ते उठून दिसतात. लेबलवर कोणी शाईने नाव किंवा तारीख घातली असेल तर ती झाकू नका, मला तीच हवी असते. रेकॉर्ड कोणाच्या घरातली आणि नाव छापायचं की नाही, तेही कळवा. आणि फोटोआधी पुसायचीच असेल तर नुसत्या ओलसर मऊ फडक्याने, लेबल कोरडं ठेवून. स्पिरिट, सॅनिटायझर काही लावू नका. या रेकॉर्डी लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.