‘कुठलाही आय-५ घ्या, विंडोज ११ चालतं’ हे अर्धसत्य

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर संदेश फिरतोय: ‘जुना लॅपटॉप घेताना आय-५ आणि ८ जीबी रॅम बघा, बाकी विंडोज ११ चालतंच.’ खुलासा करणं भाग आहे.

आय-५ हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव २००९ पासून चालू आहे. बघायची ती पिढी. ती मॉडेल नंबरवरून कळते: ७२००यू म्हणजे सातवी, ८२५०यू म्हणजे आठवी. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठवीपासून पुढे, आणि सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी. त्याआधीच्या मशीनवर दुकानदार विंडोजची ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देतात. ते चालूही होतं, म्हणून गिऱ्हाईक फसतं. पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती स्वतःच खटपट करून टाकावी लागते. विंडोज १० वर परतावं, तर त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

इंदूरच्या बाजारात सिल्व्हर मॉल असो की जेल रोड, पैसे देण्याआधी मशीन समोर रीसेट करून वायफायला जोडायला लावा. मशीन आधी ज्या कंपनीकडे होतं तिचं लॉगिन मागितलं तर सरळ उठा; ते कुलूप विंडोज पुन्हा टाकूनही जात नाही. दुकानदार कुरकुरेल, कारण यात तासभर सहज जातो.

‘बॅटरी १०० टक्के’ म्हणजे फक्त चार्ज पूर्ण. विंडोजमधूनच निघणारा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता ताडून बघा. ५०,००० मिलीवॅट-तासांपैकी ३०,००० उरली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या.