एका नांगीवरून खेकड्याची जात ठरत नाही

नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या दगडातल्या एका वाकड्या तुकड्याचा फोटो खेकड्याची जीवाश्म नांगी म्हणून फिरतोय. सोबत तीन दावे आहेत: तुटक्या नांगीवरूनही खेकड्याची जात सांगता येते, दोन आकारांच्या नांग्या म्हणजे दोन जाती, आणि नागपूरजवळ खेकडा सापडला म्हणजे इथं समुद्र होता. यात नागपूरच्याच टाकळी भागातल्या जीवाश्मांचं नाव ओढलंय, म्हणून लिहिणं भाग आहे.

पहिला दावा अर्धवट आहे. नांगीच्या कवचात चुना भरपूर असतो. त्यामुळे बाकीचं अंग विरघळलं तरी ती टिकते आणि जास्त सापडते. पण खेकड्याची जात ठरते ती पाठीच्या कवचावरून, डोळ्यांच्या खोबणींवरून, पोटाखालच्या पट्ट्यांवरून. जिवंत खेकड्यात तर नराचे जननपायही पाहावे लागतात. यातलं नांगीत काहीच नसतं. नांगी अगदीच मुकी असते असंही नाही. कॅलापा खेकड्याच्या एका नांगीच्या हलत्या बोटावर शंख फोडायचा खास दात असतो, त्यावरून त्याचा गट कळतो. अनेक पोहणाऱ्या खेकड्यांच्या नांगीवर लांब कंगोरे असतात. कुळापर्यंत जाता येतं, कधी प्रजातीपर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंत (जीनस). त्यापुढं जायला धडासकट सापडलेली नांगी तुलनेला हवी. त्याआधीचा प्रश्न वेगळाच: हा खेकडाच आहे का? बिळात राहणाऱ्या मऊ अंगाच्या भूतकोळंबीच्याही बहुधा नांग्याच उरतात. पूर्वी अशा कितीतरी नांग्या सरसकट ‘कॅलियानासा’ या एकाच नावाखाली टाकल्या गेल्या.

दुसरा दावा सपशेल चूक. अनेक खेकड्यांची एक नांगी जाड, दाढांसारख्या दातांची, फोडायला. दुसरी बारीक, कापायला. फिडलर खेकड्यात नराची एक नांगी अवाढव्य, मादीच्या दोन्ही लहान. शिवाय खेकडा वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकतो आणि गमावलेली नांगी पुन्हा उगवताना आधी लहान असते. त्यामुळे तुकडे मोजून ना जाती मोजता येतात, ना खेकडे.

आता समुद्र. पावसाळ्यात विदर्भातल्या नाल्यांत, धानाच्या बांध्यांत खेकडे दिसतात, तिथं कुठं समुद्र आहे? टाकळीचे थर लाव्हाच्या दोन प्रवाहांमधले, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात त्यांचं वर्णन केलं. त्यातला डाव्या वळणाचा फायसा शंख गोड्या पाण्यातला. छिंदवाड्याजवळ झिलमिलीला समुद्राचा माग लागल्याचं 2009 मध्ये संशोधकांनी मांडलं, पण ते फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म, कवचधारी एकपेशीय जीवांच्या आधारावर. पाणी कसलं होतं हे सोबतचे जीव आणि गाळ सांगतात.

फिरणाऱ्या फोटोत मोजपट्टी नाही, सांधा नाही, पृष्ठभागावर कवचाचे दाणे नाहीत. अकीक किंवा गारगोटीही ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाच्या, पोकळीत असे आकार घेते. असं काही सापडलं तर ते खरवडू नका, त्यावर आम्ल टाकू नका. भोवतालचा दगड तसाच राहू द्या, जागा आणि थर लिहून ठेवा, मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा.