डबी बदला, नशीब बदलेल!

परवा माझं नाणं तिसऱ्यांदा घरी परत आलं. कुरिअरवाला आता त्याला ओळखतो. तीन फेऱ्यांनंतर या विषयात सल्ला द्यायची माझी पात्रता झाली आहे, असं मी धरून चालतो. स्लॅब म्हणजे नाण्याची अवस्था तपासून, तिचा आकडा (ग्रेड) लेबलवर छापून कंपनी नाणं ज्यात बंद करते ती प्लास्टिकची डबी. तेव्हा भलत्याच कंपनीच्या स्लॅबमधली नाणी ज्यांच्या कपाटात पडून आहेत आणि ती नामांकित कंपनीच्या स्लॅबमध्ये घालून घ्यावीत का, असा ज्यांना प्रश्न पडला आहे, त्यांनी पुढचं वाचावं.

घालून घ्यावीत. अगदी सगळी.

सुरुवात मात्र खरेदीपासून करा. नाण्याकडे बघू नका, लेबलकडे बघा. लेबलवर चकाकणारा होलोग्राम हवा आणि ठसठशीत 'एमएस ६७' हवं. एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', टाकसाळीतून आलं तसं. १ ते ७० अशी ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी काढली. त्यात ६० आणि त्याच्या वर म्हणजे वापरातच न आलेलं नाणं, ६७ म्हणजे जवळजवळ निर्दोष. हा आकडा मिळवायला नाण्याला फार सोसावं लागतं. छापायला प्रिंटर पुरतो.

कंपनीचं नाव तीन-चार आद्याक्षरांचं असेल तर डोळे मिटून घ्या. पीसीजीएस या नामांकित ग्रेडिंग कंपनीचं काम १९८६ साली सुरू झालं, तशाच नामांकित एनजीसीचं १९८७ साली, आणि दोघांची नावं आद्याक्षरांचीच. म्हणजे आद्याक्षरं आली की विश्वास आलाच.

नाणंही विचारपूर्वक निवडा. मी १८८१ चा, सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, निवडला. ही नाणी १ कोटी २७ लाखांहून जास्त पाडली गेली आणि त्यातली पुष्कळशी आजही उत्तम अवस्थेत मिळतात. 'दुर्मीळ' म्हणून विकत घ्यायला याहून योग्य नाणं शोधून सापडणार नाही.

विक्रेत्याकडे तिरक्या उजेडातला फोटो मागू नका. उगाच त्याला अवघडल्यासारखं होतं.

आता रीहोल्डर आणि क्रॉसओव्हर. यांतला फरक समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, मीही पडलो नव्हतो. रीहोल्डर म्हणजे कंपनीने आपल्याच जुन्या, चरे पडलेल्या स्लॅबमधलं नाणं आपल्याच नव्या स्लॅबमध्ये घालून देणं. ग्रेड तोच राहतो. दुसऱ्याच्या स्लॅबमधलं नाणं पाठवलं तर तो क्रॉसओव्हर, आणि त्यात नाणं पहिल्यापासून तपासलं जातं. मी दिमाखात रीहोल्डरच्या फॉर्मवर खूण केली. पहिली फेरी तिथेच संपली.

दुसऱ्या फेरीत क्रॉसओव्हरच्या फॉर्मवर किमान ग्रेडचा रकाना येतो. तिथे बेधडक '६७' लिहा. नाणं तेवढं भरलं नाही तर जुन्या स्लॅबमध्ये जसंच्या तसं परत येतं. फी परत येत नाही. फी नाणं बघण्याची असते, तुम्हाला खूश करण्याची नव्हे.

झालेल्या खर्चाची बेरीज करू नका.

आणि आता मुख्य सल्ला: स्लॅब फोडा! तपासनीसांना खरवडलेल्या प्लास्टिकमधून नीट दिसलं नसणार, असं स्वतःला दोन दिवस पटवत राहा. मग रात्री सगळे झोपल्यावर स्लॅब टॉवेलात गुंडाळा, कडेला पकड लावा आणि दाबा. पहिल्यांदा काही होत नाही. दुसऱ्यांदा बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो, आतल्या खोलीतून "काय पडलं?" येतं आणि प्लास्टिकचा एक कपचा तुमच्या अंगठ्यात घुसतो. नाणं तेवढं टॉवेलातच राहिलं, एवढंच माझं नशीब. मग मी ते कडेने धरलं आणि टेबललॅम्पखाली हळूहळू तिरकं केलं. चांगल्या मॉर्गनवर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरतो. माझ्याच्यावर तो फिरलाच नाही. चमक होती, पण नुकत्याच घासलेल्या भांड्याची. भिंग लावलं तर नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावर बारीक रेघा, सगळ्या एका दिशेने, फडक्याने पुसल्यासारख्या. कोणीतरी हे नाणं घासलं होतं. अंगठा, तर्जनी आणि पावडर घेऊन, मन लावून घासलं होतं! आणि हे ज्या कंपनीला दिसलं नाही, तिने वर ६७ छापले. की दिसलं आणि छापले? एक भिंग, एक दिवा आणि एक मिनिट, एवढंच लागतं हो! यांच्याकडे प्रिंटर आहे, प्लास्टिकचा साचा आहे, होलोग्रामचे गठ्ठे आहेत, फक्त दिवाच नाही? आपल्याकडे म्हण नाहीये का, नाणं वाजवून घ्यावं? म्हणून तर यांनी ते प्लास्टिकमध्ये कोंडलं, कुणाला वाजवताच येऊ नये म्हणून!

तरीही मी ते तसंच सुटं पाठवलं, हे लिहायला मला लाज वाटते. तिसऱ्या फेरीत नवी कोरी स्लॅब मिळाली. वर आकडा नाही. 'साफ केलेलं' असा शेरा. हात दाखवून अवलक्षण, तेही फी भरून.

पुरे झाला उपरोध. अरे, डबी बदलून नाणं बदलत नाही! पाठवायच्या आधी लेबल बोटाने झाका आणि नाणं सुटं आहे असं समजून त्याला स्वतः ग्रेड द्या, तोही सावत्र बापाच्या नजरेने. त्या ग्रेडचा भाव धरा. त्यातून फी, दोन्ही वेळचं टपाल आणि विमा वजा करा. काही उरलं तर पाठवा, नाहीतर गप्प बसा. १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरसारखं काही हाती असेल तर गोष्ट वेगळी. ती एक लाखच पाडली गेली आणि तिथे टाकसाळीची खूण मागाहून चिकटवणारे महाभाग आहेत. तिथे आधी खरं-खोटं ठरवायचं असतं, म्हणून पाठवाच. पण कोटींनी पाडलेल्या, घासलेल्या डॉलरसाठी? त्यात आहे काय, तर जेमतेम पावणेसत्तावीस ग्रॅम वजन आणि त्यात नव्वद टक्के चांदी. ती स्लॅबशिवायही तेवढीच भरते.

आणि "दुसऱ्या कंपनीत फार तर एखादा ग्रेड कमी येईल" असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला विचारा, मग तूच का नाही पाठवलंस बाबा? त्याने दहा वेळा पाठवून बघितलं असेल. त्याला माहीत आहे, म्हणून तर विकतोय. आणि मी ते विचारलं नाही, कारण मला ६७ हवे होते. स्वस्तात हवे होते. चूक त्याची जेवढी, तेवढीच माझ्या हावेची.

काल त्याने तसलंच आणखी एक नाणं विकायला काढलं आहे. तीच कंपनी, तोच होलोग्राम, तेच ६७, फोटो सरळ वरून काढलेला. सकाळपर्यंत नऊ बोली लागल्या होत्या. त्या नऊ जणांनो, भिंग कुठे ठेवलंय रे तुमचं?