१९७१चे पाच पैशांचे तिकीट ही देणगी नव्हती

‘निर्वासित साहाय्य’ तिकिटाचे छायाचित्र आणि त्याखालचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा की, १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी भारतीयांनी स्वखुशीने प्रत्येक पत्रावर ५ पैशांचे जादा तिकीट लावले, त्या पैशांवर १ कोटी माणसे जगली, सरकारने हा जादा आकार पुढे कधी बंदच केला नाही, आणि ते तिकीट आज इतके दुर्मीळ आहे की त्याला लाखांची किंमत येते. यातले तिकीट खरे आहे आणि ५ पैसेही खरे आहेत. बाकीचे दावे मात्र टिकत नाहीत.

पहिला मुद्दा स्वखुशीचा. दानासाठी विकली जाणारी तिकिटे जगात पूर्वीपासून आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या टपालखात्याने १८९७ साली क्षयरुग्णांच्या आश्रमासाठी १ पेनीचे तिकीट १ शिलिंगला, म्हणजे बारा पटीने विकले. ज्याला दान करायचे नव्हते त्याला नेहमीचे तिकीट घेण्याची मोकळीक होती. आपल्याकडे शाळांतून विकली जाणारी क्षयरोग निवारणाची तिकिटे तर टपालासाठी चालतच नाहीत. ती केवळ देणगीची खूण आहेत. १९७१चे तिकीट या दोन्हींत बसत नाही. तो अध्यादेशाने बसवलेला आणि नंतर कायद्याने कायम केलेला टपालावरचा कर होता. १५ नोव्हेंबर १९७१पासून तो लागू झाला आणि सरकारी टपालही त्यातून सुटले नाही. त्याच सुमारास, त्याच कारणासाठी, रेल्वेच्या आणि विमानाच्या प्रवासावरही कर बसला. त्याला कोणी देणगी म्हणत नाही.

मात्र ‘प्रत्येक पत्रावर’ हेही बरोबर नाही. पोस्टकार्डे आणि वर्तमानपत्रे या करातून वगळलेली होती. त्या वेळी पोस्टकार्ड १० पैशांना, आंतरदेशीय पत्र १५ पैशांना आणि पाकीट २० पैशांना मिळे. आंतरदेशीय पत्राचा खर्च ५ पैशांनी वाढणे म्हणजे एक तृतीयांश वाढ. ज्याला ती झेपत नव्हती त्याच्यासाठी पोस्टकार्ड जुन्याच दरात शिल्लक होते. कर बसवणाऱ्यांनी गरिबाच्या खिशाचा विचार केला होता, ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच त्या मजकुरात नाही.

‘त्या पैशांवर १ कोटी माणसे जगली’ हे विधान साध्या गुणाकारापुढे उभे राहत नाही. निर्वासितांची संख्या १ कोटीच्या घरात होती. माणशी रोज केवळ १ रुपया खर्च धरला, तरी दिवसाला १ कोटी रुपये होतात, आणि ते ५ पैशांच्या तिकिटांतून उभे करायचे तर रोज २० कोटी पत्रे टपालात पडायला हवीत. १९७१च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या जेमतेम ५५ कोटी होती. शिवाय तारखाही पाहाव्यात. निर्वासितांचे लोंढे मार्चच्या अखेरीपासून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम आणि मेघालयात येऊ लागले होते. त्यांच्यात कॉलऱ्याची साथ पसरली आणि बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस मीठ-साखरेच्या पाण्याने रुग्ण वाचवत होते, तेव्हा हा कर अस्तित्वातच नव्हता. तो आला त्यानंतर महिन्याभरातच, १६ डिसेंबरला, पूर्व पाकिस्तानातले युद्ध संपले आणि १९७२च्या पहिल्या काही महिन्यांत बहुसंख्य निर्वासित घरी परतले. खर्चाचा मोठा भार केंद्र सरकारच्या तिजोरीवर पडला आणि त्याला परदेशी मदतीची जोड मिळाली. तिकिटाचा वाटा या मोठ्या खर्चात हातभार लावण्यापुरता होता. तो हातभार खरा होता, म्हणूनच त्याच्या नावावर भलतेच श्रेय चिकटवू नये.

दुर्मीळतेचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या लालसर तिकिटावर आधी ‘निर्वासित साहाय्य’ या अर्थाचे ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर पुन्हा छपाई, करण्यात आले. १ डिसेंबरला निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट निघाले. दोन्ही देशभर वापरली गेली आणि विक्रेत्यांकडे ती आजही किरकोळ दरात मिळतात. संग्राहक शोधतात ते वेगळेच. ओव्हरप्रिंट केलेली तिकिटे सगळ्या टपाल कार्यालयांत वेळेवर पोहोचू शकली नाहीत, म्हणून स्थानिक पोस्टमास्तरांना साध्या तिकिटावर ‘निर्वासित साहाय्य’चा आपापला शिक्का मारण्याची मुभा मिळाली. काहींनी रबरी शिक्का वापरला, काहींनी धातूचा, कुठे टंकलेखन यंत्रावर अक्षरे उमटवली, तर कुठे चक्क शाईने हाताने लिहिली. भाषा कधी इंग्रजी, कधी हिंदी, कधी त्या प्रांताची. अशा तिकिटाला मोल येते ते ते मूळ पाकिटावर असेल तर, आणि टपालाच्या शिक्क्यातले गाव व तारीख त्याच्याशी जुळत असेल तर. सुट्या तिकिटावर रबरी शिक्का आज कोणीही मारू शकतो. त्यामुळे केवळ छायाचित्र पाहून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला किंवा देऊ करणाऱ्याला दारात उभे करू नये. पाकीट हातात घेऊन जाणकार संग्राहकाला दाखवावे.

‘कधी बंदच केला नाही’ या दाव्याला फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. हा कर ३१ मार्च १९७३ रोजी संपला. त्यानंतर, मे १९७४मध्ये, पाकिटाचा दर २५ पैसे झाला. पूर्वीचे २० आणि कराचे ५ मिळून होणारी रक्कमही तेवढीच असल्याने गैरसमज कदाचित तिथून निघाला असावा, पण ती टपालखात्याची स्वतःची दरवाढ होती आणि तिचा निर्वासितांच्या कराशी संबंध नव्हता.