‘परदेशात केलं म्हणजे इथे गुन्हाच नाही’? कायदा असं म्हणत नाही

फिरणारा मजकूर थोडक्यात असा: गुन्हा जिथे घडला तिथलाच कायदा लागतो. भारतीयाने परदेशात काहीही केलं तरी इथले पोलीस हात लावू शकत नाहीत. तिथे तो गुन्हा नसेल तर प्रश्नच नाही, आणि तिथल्या कोर्टाने एकदा निकाल दिला की विषय मिटला.

यातलं पहिलंच विधान चूक आहे. जुन्या दंड संहितेची कलमं 3 आणि 4 परदेशातल्या गुन्ह्यांसाठीच होती. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 1 मध्ये, उपकलम 4 आणि 5 मध्ये आहे. भारतीय नागरिक जगात कुठेही असो, ही संहिता त्याला लागू आहे. भारतात नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात तर कोणालाही. परदेशात बसून भारतातल्या संगणकाला लक्ष्य करून गुन्हा करणाऱ्यालाही, मग त्याचं पारपत्र कुठलंही असो.

मुळात ‘गुन्हा जिथे घडला’ हे ठरवणंच सोपं नसतं. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या खटल्यातला आरोपी पाकिस्तानी होता आणि व्यवहाराच्या काळात कराचीत होता. तांदूळ पाठवण्यासाठी तयार आहे अशी थाप मारून त्याने मुंबईत पैसे द्यायला लावले. मी तर तिथे नव्हतोच, हा त्याचा बचाव. न्यायालयाने तो फेटाळला: फसवणूक मुंबईत पूर्ण झाली, म्हणजे गुन्हा मुंबईतला. आरोपीचं शरीर कुठे होतं याने फरक पडत नाही. ऑनलाइन गंडा घालणाऱ्यांच्या कितीतरी आधी हे ठरून गेलं आहे.

‘तिथे गुन्हा नाही, मग इथेही नाही’ हे काही देशांत अंशतः खरं आहे. जर्मनी आपल्या नागरिकाच्या परदेशातल्या कृत्यावर खटला भरताना साधारणपणे तिथेही ते दंडनीय होतं का, हे पाहते. फ्रान्समध्ये ही अट मधल्या दर्जाच्या गुन्ह्यांना आहे, सर्वांत गंभीर गुन्ह्यांना नाही. भारतीय संहितेत ती अटच नाही. तिची कसोटी एवढीच: हे कृत्य भारतात केलं असतं तर शिक्षा झाली असती का? बहुधा प्रत्यार्पणाचा, म्हणजे आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याचा, नियम ऐकून कोणीतरी तो खटल्याला चिकटवला असावा. प्रत्यार्पणात दोन्ही देशांत गुन्हा असणं सहसा लागतं.

परदेशी निकालाचं म्हणाल, तर भारतात एकाच गुन्ह्यासाठी दुसरी शिक्षा नको हे तत्त्व आहेच. पण गुन्ह्याचे घटक वेगळे असतील तर ते आड येत नाही. अमेरिकेत अमली पदार्थांच्या कटाबद्दल शिक्षा झालेल्या माणसावर इथे खटला चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये म्हटलं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातली दुहेरी शिक्षेविरुद्धची हमीही एकाच देशापुरती मानली जाते. युरोपातल्या शेंगेन देशांनी (ज्यांच्यात सीमेवरची तपासणी नाही) आपापसांत वेगळा नियम केला, तो अपवाद.

मजकुरातला खरा अंश दुसरीकडे आहे. ‘लोटस’ या फ्रेंच जहाजाच्या अपघातावरून फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्यात झालेल्या खटल्यात 1927 मध्येच आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आधीच्या स्थायी न्यायालयाने हा फरक केला होता: आपला कायदा सीमेपलीकडच्या कृत्याला लावता येतो, पण आपले पोलीस परवानगीशिवाय तिथे पाठवता येत नाहीत. आरोपी ताब्यात येणं, साक्षी-पुरावे मागवणं, हे सगळं दुसऱ्या सरकारच्या सहकार्यावर अवलंबून राहतं, आणि वर्षं त्यातच जातात.

शिवाय संपूर्ण गुन्हा परदेशात घडला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 208 नुसार केंद्र सरकारची मंजुरी लागते. पण ती नाही म्हणून तक्रारच घेणार नाही, असं कोणी सांगत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल दाखवा. न्यायालयाने दखल घेईपर्यंत मंजुरीची गरज नाही, ती त्यापुढे खटला चालवण्यासाठी लागते. आणि गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर ती लागतच नाही.