दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: रायफल खांद्याला का टोचली

नमस्कार. आमच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही बनवून घेतलेल्या लाँग रायफलीचा, म्हणजे तोंडातून ठासून भरायच्या जुन्या घाटाच्या लांब नळीच्या रायफलीचा, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. रायफल देखणी आहे, पण तिसऱ्याच बाराला दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडी भागाची, टोकं खांद्यात रुतली, गालाला फटका बसला आणि वहिनींना तर ती धरताच आली नाही, असं तुम्ही लिहिलंत. आजोबांची कोकणातली ठासणीची बंदूक घरातलं कुणीही उडवायचं, मग ही का नाही, असंही विचारलंत.

आधी माझी चूक. रायफल तुम्ही दोघं चालवणार का, हे मी विचारलंच नाही. तुमच्या सहा फुटी अंगाला चापापासून दस्त्याच्या मागच्या पट्टीपर्यंत १४ इंच ठेवले. वहिनींच्या उंचीला १३ च्या आतबाहेरच लागतात. दस्ता लांब पडला की माणूस मागे रेलतो, पुढे ४२ इंचांच्या नळीचं वजन, मग हात थरथरणारच.

खांद्याचं वेगळं आहे. तुम्ही १९व्या शतकातला घाट निवडलात, त्याची पितळी पट्टी चंद्रकोरीसारखी खोल असते. आजच्या रायफलीसारखी ती खांद्याच्या खळग्यात टेकवली की दोन्ही टोकं टोचतात. ही पट्टी खळग्याच्या बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर बसवायची असते. अंग निशाणाला आडवं करायचं, कोपर वर उचलायचं. १८व्या शतकातल्या जुन्या घाटाची पट्टी रुंद आणि सपाट असते, ती इतकी त्रास देत नाही. ऑर्डर घेतानाच हे सांगायला हवं होतं. रायफल देताना दारूचं माप आणि गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली घालायची कापडाची चिंधी दाखवण्यात अर्धा तास घालवला आणि नेमकं हेच राहिलं.

गालाचं मात्र न बघता सांगणार नाही. दस्ता खळग्यात धरल्यावर मान पुढे ताणली जाते, आणि बार उडाला की दस्त्याची वरची कड गालावर येते. पवित्रा बदलूनही लागलं, तर ती कड कानशीने उतरवून देईन.

आजोबांची बंदूक बहुधा गुळगुळीत नळीची, छऱ्याची असणार. जवळच्या रानडुकरावर तेवढं पुरतं. तुमच्या रायफलीत आटे, म्हणजे आतून पिळदार खाचा, पाडलेल्या नळीतून एकच गोळी शंभर यार्डांवर मारायची, म्हणून डोळा दर वेळी त्याच जागी यायला हवा. ते काम दस्ता करतो.

माझ्या मते दस्ता पाऊण इंच कापून सव्वातेरावर आणावा. आखूड दस्ता उंच माणूस चालवून घेतो, लांब दस्ता कमी उंचीच्या माणसाला जमत नाही. शिवाय जाड जॅकेट घातलं की थोडं अंतर तेच खातं. दस्त्याच्या बाजूला चिंध्या ठेवायची पितळी डबी आहे, तिचं झाकण पट्टीपर्यंत येतं, तेही नव्याने बसवावं लागेल, म्हणून दोन आठवडे लागतील. पैसे घेणार नाही. पण कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही, तेव्हा दोघांनी ठरवूनच सांगा.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला वर्कशॉपवर शनिवारी या. वहिनींना आणा, थंडीतली जॅकेटंही आणा. निघण्याआधी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री करा.