हम्बल पायची ती गोष्ट खोटी आहे

सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर, विरार लोकलवाल्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच फॉरवर्ड फिरतोय. 'रोज एक इंग्रजी वाक्प्रचार' छापाचा. मजकूर थोडक्यात असा: मध्ययुगीन इंग्लंडात सरदार लोक शिकारीचं चांगलं मांस स्वतः खायचे आणि हरणाची आतडी-कलेजी मैद्याच्या पारीत भरून, भाजून नोकरांपुढे टाकायचे. हा अम्बल पाय (अम्बल म्हणजे ती आतडी-कलेजी, आणि पाय म्हणजे पारीत भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ). पंगतीत ज्याच्या पानात तो पडला, त्याची लायकी सगळ्यांना कळायची. त्या अम्बलवरूनच हम्बल, म्हणजे नम्र, हा शब्द निघाला आणि 'हम्बल पाय खाणं' म्हणजे अपमान गिळून चूक कबूल करणं. शेवटी मराठी प्रतिशब्द: नाक घासणं, माती खाणं, शेण खाणं. आणि खाली हात जोडलेले.

अम्बल पाय नावाचा पदार्थ होता, आणि वाक्प्रचाराचा इंग्रजी अर्थही बरोबर दिलाय. बाकीचं एकेक घेऊ.

आधी ते नोकरांचं पान. सॅम्युअल पीप्स हा लंडनमधला आरमार खात्याचा बडा अधिकारी. रोजनिशी लिहायचा आणि जेवणाबद्दल हात आखडता घ्यायचा नाही. 5 जुलै 1662 ची नोंद बघा. कोणीतरी हरणाचं मांस भेट दिलेलं. त्याचा एक खांदा आगीवर भाजला, दुसरा भट्टीत, आणि अम्बलचा पाय केला. जेवायला कोण, तर आरमारातला मोठा माणूस सर विल्यम पेन आणि त्याचा मुलगा, ज्याने पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवलं. म्हणजे खांदा आणि आतडी एकाच टेबलावर, एकाच पाहुण्यांपुढे. गंमत म्हणजे या पेनसाहेबाचा पीप्सला मनस्वी राग. तसं त्याने त्याच नोंदीत लिहून ठेवलंय. पण अम्बल वाढून सूड उगवल्याचा मागमूस नाही, सगळं झकास जमल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी, 8 जुलैला, ओळखीच्या एका बाईंनी भट्टीतून काढलेला गरम अम्बल पाय आणला, तर स्वारी खूश. (याच 1663 साली या गृहस्थाने आपल्या मुंबईला 'गरीब, छोटंसं बेट' ठरवून टाकलं. आंदण मिळालेलं बेट पोर्तुगीज ताब्यात देईनात, त्याचा वैताग.)

पदार्थ तरी नोकरांना शोभेलसा होता का? 1660 च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात त्याची कृती आहे: तळाला चरबी, वर बारीक चिरलेलं अम्बल आणि डुकराचं खारवलेलं मांस, मग मीठ, मिरी, जायफळ. जायफळ तेव्हा बांदा बेटांवरून अर्धं जग ओलांडून यायचं आणि त्याच्यासाठी डच आणि इंग्रज एकमेकांच्या उरावर बसले होते. गड्यांना हिणवायला कोणी त्यांच्या पुढ्यातल्या ताटावर जायफळ किसत नाही. उरलंसुरलं नोकरांकडे जात असेलच, कुठल्या घरात जात नाही? पण 'ज्याला वाढलं त्याची नाचक्की' ही पंगत पुढच्या लोकांनी मांडलेली आहे.

ती आपल्याला लगेच पटते त्याचं कारण आपल्याच ताटात आहे. गिरणगावात वजडी खाल्ली जायची ती स्वस्त म्हणून, आणि ती खाणाऱ्याकडे नाक मुरडणारे शेजारीही होते. पण वजडी ज्याने घरी केलीय त्याला विचारा. चुना लावायचा, गरम पाण्यात बुचकळायची, सुरीने खरवडायची, वास जाईपर्यंत धूत बसायचं, मग कुठे ती कांदा-खोबऱ्याच्या वाटणात पडते. एवढी मेहनत माणूस आवडीच्या पदार्थासाठीच घेतो. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर पाया खायला गाडी लांब लावून चालत जाणारे काय मान खाली घालून जातात? मटणवाल्याला 'भाऊ, थोडी कलेजी टाका' म्हणताना आपला आवाज तर चांगलाच वर असतो.

आता शब्द. अम्बलमधून हम्बल निघालाच नाही. हम्बल आला लॅटिन 'ह्युमिलिस'वरून, त्याच्या मुळाशी 'ह्युमुस', म्हणजे जमीन, माती. अम्बल मूळचा 'नम्बल', फ्रेंचमधून आलेला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये कंबरेच्या मांसाला जो शब्द आहे त्यात. इंग्रजीत आधी 'अ' लागला की 'अ नम्बल' ऐकताना 'ॲन अम्बल' वाटायचं, आणि 'न' गळाला. आपलं नारिंग पश्चिमेकडे जाता जाता ऑरेंज झालं, तिथेही 'न' वाटेत असाच सांडला. दोन वेगळ्या घरांतले शब्द. हम्बलमधला 'ह' पुष्कळ इंग्रज उच्चारतच नसत, म्हणून दोन्ही कानाला सारखे लागले आणि कोणीतरी कोटी केली. कोटीच ती, व्युत्पत्ती नव्हे.

मध्ययुगाचं म्हणाल तर 'हम्बल पाय खाणं' या अर्थाने छापलेलं सापडतं ते 1830 च्या आसपास. पीप्सच्या जेवणानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

याच फॉरवर्डच्या लांबलचक आवृत्तीत अमेरिकन 'कावळा खाणं' (ईट क्रो, अर्थ साधारण तोच) हेही आहे, 1812 च्या युद्धात कोणा सैनिकाला कावळा खायला लावल्याच्या कथेसकट. ती कथा छापली गेली युद्धानंतर कित्येक दशकांनी. त्याआधीच, 1850 च्या सुमाराला, कावळा खाऊन दाखवणाऱ्या एका शेतकऱ्याचा विनोद तिकडच्या वर्तमानपत्रांत फिरत होता. पितृपक्षात गच्चीवर कावळ्याची मनधरणी करणाऱ्यांनी एवढ्यावर सोडून द्यावं.

सगळ्यात मोठा घोळ शेवटच्या ओळीत आहे. 'माती खाल्ली' असं आपण केव्हा म्हणतो? ऐन वेळी कॅच सोडला, टेंडरचा आकडा चुकला, तेव्हा. शेण खाणं त्याहून वाईट, तिथे लाजिरवाणं कृत्यच असतं. मराठी माणूस खातो ते चूक करताना. इंग्रज खातो ते चूक अंगाशी आल्यावर. 'बॉसने ऑफिसात हम्बल पाय खाल्ला' याचं 'बॉसने शेण खाल्लं' केलंत, तर ज्याने माफी मागितली त्याच्यावर तुम्ही नवंच लफडं लादलंत.

नाक घासणंही बसत नाही. नाक घासतो तो गरजू, दुसऱ्याच्या दारात. त्याचं काही चुकलेलं असेलच असं नाही. दात घशात घालतो तो समोरचा. नाक कापलं जातं ते घराण्याचं, बहुतेक वेळा भलत्याच्याच उद्योगाने. 'नाक मुठीत धरून येणं' बऱ्यापैकी जवळचं, फक्त तिथे लाचारी जास्त आणि कबुली कमी. संघ हरणार म्हणून छातीठोक सांगणाऱ्या समालोचकाचं भाकीत साफ चुकलं, तर तो तोंडघशी पडला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून तसं बोलून दाखवलं, तर त्याने शब्द मागे घेतले. इंग्रजी बातमीत या दोन्हींना हम्बल पाय चालतो. मराठी बातमी लिहिणाऱ्याला आधी विचारावं लागतं, तो नुसता पडला की उठून कबूलही झाला?